धातू कमी असलेल्या दीर्घिकेत मोठे तारे जड का मरतात?

हर्णैकर
नमस्कार मंडळी. पाऊस गेल्यावर परवा आमच्याकडे किनाऱ्यावर आकाशदर्शन होतं आणि तिथे आलेल्या सरांनी जाता जाता एक वाक्य टाकलं की ज्या दीर्घिकांत धातू कमी, तिथले मोठे तारे मरताना जास्त जड असतात आणि त्यांची कृष्णविवरंही दांडगी होतात. मग ढग आले, चहा आला, आणि प्रश्न राहिला तो राहिलाच. माझं डोकं म्हणतं उलट व्हायला हवं, धातू जड असतात ना, मग धातू कमी तर तारा हलका. भाच्याने (दहावीत आहे) विचारलं तेव्हा "तुझा अभ्यास झाला का" म्हणून वेळ मारून नेली. आता तो रोज विचारतो.
अजून एक, सर म्हणाले हे मॅगेलनच्या ढगांत (आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) बघतात. ते ढग हर्णैवरून दिसतील का? समोर सगळा समुद्रच तर आहे.

खारे_वारे
दादा, पहिला घोळ "धातू" या शब्दाचा. खगोलवाले हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्याला धातू म्हणतात, कार्बन ऑक्सिजनसुद्धा. रसायनाच्या बाईंनी ऐकलं तर छडी काढतील पण पद्धत तशी आहे. आणि हे धातू असतात किती, तर सूर्याच्या 100 किलोत जेमतेम दीड किलो. त्यामुळे ताऱ्याच्या वजनात त्यांचा वाटा नगण्य, तो हिशोब डोक्यातून काढाच.

त्यांचं काम वेगळं आहे. मोठा तारा म्हणजे सूर्याच्या 8 पटींच्या वरचा, आणि खरी मजा 20-30 पटींच्या पुढे. हे इतके तेजस्वी असतात की त्यांचा प्रकाशच त्यांच्या अंगावरचा वायू बाहेर ढकलतो. पण प्रकाशाला ढकलायला काहीतरी अडायला पाहिजे ना. तुम्ही हर्णैचे म्हणून जाळ्याचंच उदाहरण घ्या. भरतीच्या ओढीत मोठ्या भोकांचं जाळं सोडलं तर पाणी आरपार जातं, जाळ्याला फारसा ताण नाही. बारीक भोकांचं सोडा, ते असं ओढलं जातं की दोरीला बांधलेली होडीपण सोबत निघते. हायड्रोजन हेलियम म्हणजे मोठी भोकं, त्यांच्या वर्णरेषा (म्हणजे अणू ज्या ठराविक रंगांचा प्रकाश अडवतो त्या) मोजक्या. लोखंडाच्या एकट्याच्या हजारो रेषा, त्याही नेमक्या अतिनील भागात जिथे हे तारे सगळ्यात जास्त प्रकाश ओकतात. मूठभर धातूंचे अणू प्रकाश अडवतात, धक्का खातात, आणि टकरा मारत बाकीच्या हायड्रोजनला ओढत नेतात. होडी तीच.

आणि गंमत बघा, अणूने वेग घेतला की डॉप्लरमुळे त्याची रेषा थोडी सरकते, म्हणजे खालच्या थरांनी न अडवलेला ताजा प्रकाश त्याला मिळतो, पुन्हा धक्का, पुन्हा वेग. असं करत हा बाहेर पडणारा वायू, म्हणजे ताऱ्याचा वारा, सेकंदाला 2000-3000 किमीपर्यंत जातो. कॅस्टर, अ‍ॅबट आणि क्लाइन यांनी 1975 साली याचं गणित मांडलं, अजून तेच पायाला आहे.

आता धातूच कमी केले तर जाळं विरळ, वारा मंद. लहान मॅगेलन ढगात धातू सूर्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे, तिथे तसल्याच ताऱ्याचा वारा आपल्याकडच्यापेक्षा पाव ते तिसऱ्या हिश्शावर येतो. आपल्या दीर्घिकेतला 60 सूर्यांचा तारा 30-40 लाख वर्षांच्या आयुष्यात 10-15 सूर्य नुसते वाऱ्यावर उडवू शकतो, शेवटी तर आणखी. तिकडचा तेवढाच तारा बराचसा शाबूत राहतो. म्हणून जड मरतो. भाच्याला एवढं पुरे.

मालवणी_दुर्बीण
भाच्याला पुरेल पण आमका नाय पुरत 🙂 खारे_वारे, लिहिलंय छान पण वाऱ्याला जरा जास्तच श्रेय दिलंयत.

एक म्हणजे हे वारे गुठळ्या-गुठळ्यांचे असतात. सारखा पसरलेला धरून मोजमाप केलं तर आकडा फुगतो, कारण काही रेषांची चमक घनता गुणिले घनता या प्रमाणात वाढते, गुठळी असली की थोडा वायूही जास्त चमकतो. तो हिशोब घातल्यावर जुने आकडे कितीतरी ताऱ्यांसाठी 2-3 पट खाली आले. म्हणजे आपल्याकडचा वारासुद्धा वाटला होता तेवढा उधळ्या नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं, मोठे तारे एकटे नसतात. 2012 मध्ये सॅना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सगळ्यात तापलेल्या, ओ वर्गाच्या ताऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी देवघेव करतात. तारा फुगला की जोडीदार त्याचं वरचं कवच खेचून घेतो, आणि त्याला धातू किती आहेत याच्याशी काही देणंघेणं नाही. असे सोलून निघालेले 25 तारे मॅगेलनच्या दोन्ही ढगांत सापडल्याचं 2023 मध्ये आलं. वाऱ्याने नाही, शेजाऱ्याने सोललेले. जमिनीच्या बांधावरून कोकणात काय होतं ते माहीतच आहे.

तिसरं, म्हातारपणी तांबडा महाराक्षसी झालेला तारा वेगळ्याच तऱ्हेने वस्तुमान टाकतो. मृगातला तांबडा तारा काक्षी (बेटेलज्यूज) 2019 च्या शेवटाला मंद झाला तेव्हा आठवतं ना, फुटणार फुटणार म्हणून फोनवर किती फॉरवर्ड. फुटला नाही, अंगावरचा एक गोळा बाहेर टाकला आणि त्याची धूळ होऊन आपल्यासमोर आली. या टप्प्यावर धातूंचा किती परिणाम होतो हे ओ ताऱ्यांइतकं स्वच्छ नाही.

खारे_वारे
मान्य, जोडीदाराचं मी लिहायलाच हवं होतं. पण फिरकीचं तुम्हीपण विसरलात. वारा जाताना ताऱ्याची फिरकी सोबत घेऊन जातो. वारा मंद तर तारा गरागरा फिरत राहतो, आणि लहान ढगात जोरात फिरणारे तारे आपल्याकडच्यापेक्षा जास्त दिसतातच. फारच जोरात फिरला तर आतलं-बाहेरचं ढवळून निघतं, कवच-गाभा असा फरक राहत नाही, तारा फुगायच्या ऐवजी आकसून निळाच राहतो असं मॉडेल सांगतात. मग जोडीदाराला खेचायला काही मिळत नाही आणि दोन जड कृष्णविवरं एकमेकांच्या जवळ उरतात. 14 सप्टेंबर 2015 ला लायगोने (गुरुत्वीय लहरी टिपणारी यंत्रणा) पकडलेली कृष्णविवरांची पहिली टक्कर 36 आणि 29 सूर्यांची होती. त्याआधी आपल्या दीर्घिकेत क्ष-किरणांवरून माहीत असलेली ताऱ्यांची कृष्णविवरं 20 सूर्यांच्या आतली. एवढी जड आली कुठून म्हटल्यावर कमी धातूंकडे सगळ्यांची बोटं गेली.

मालवणी_दुर्बीण
हां, त्यात मी हरलो 🙂 तरी 1987 चा अतिनवतारा आठवा, मोठ्या मॅगेलन ढगातला. फुटलेला तारा तांबडा असेल असं सगळे धरून होते, निघाला निळा. आधी म्हणाले धातू कमी म्हणून निळा. आता बहुतेकांचा कल दोन तारे एकमेकांत मिसळले याकडे आहे. म्हणून म्हटलं, सगळं धातूंच्या गळ्यात मारू नका.

वेंगुर्लेकर_काकू
भांडण छान चाललंय पण त्या बिचाऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? हर्णैकर, मोठा ढग तुमच्याकडून दक्षिणेला अगदी वर आला तरी क्षितिजावर अडीच अंशांच्या आत, आमच्या वेंगुर्ल्यातून साडेचारच्या आसपास. लहान तर त्याहून खाली. शिवाय समोरचा समुद्र पश्चिमेला, ढग दक्षिणेला, आणि तिथे वाफ, धूसर, ट्रॉलरचे दिवे. मी डिसेंबरात मध्यरात्री दोनदा प्रयत्न केलाय, सर्दीशिवाय काही हाती लागलं नाही.

त्यापेक्षा मान वर करा. 2024 च्या एप्रिलमध्ये गाया दुर्बिणीच्या नोंदींतून 33 सूर्यांचं एक कृष्णविवर सापडलं, गाया बीएच3, आपल्याच दीर्घिकेत, जवळपास 2000 प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यात लोखंड सूर्याच्या तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे तुमच्या सरांचं वाक्य जसंच्या तसं. गरुडात आहे, श्रवणच्या जरा वर, आणि कोकणात ते जवळजवळ डोक्यावरून जातं. ऑक्टोबरात संध्याकाळी सातला बघा. कृष्णविवर अर्थात दिसणार नाही, पण तो जोडीदार तारा 11 व्या प्रतीचा (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अंधुक) आहे, 6-8 इंची दुर्बिणीत नकाशा घेऊन शोधला तर ठिपका मिळतो.

हर्णैकर
काकू, कमाल. आज सात वाजता भाच्याला घेऊन गच्चीत गेलो. श्रवण मिळाला, त्याच्या वरची काळी जागा दाखवली, जाळ्याचं सांगितलं, ते लगेच पटलं त्याला. मग म्हणाला, मामा, धातू इतके कमी म्हणजे तो तारा फार जुना, तर त्याच्या आधी धातू आले कुठून? आता हे कोण सांगतंय, जेवायच्या आत हवंय.