पांढऱ्या सनमायकावर नॅनो सिल्व्हर कोटिंग: ९९.९% चा रिपोर्ट कसा वाचायचा?

अभ्यासिका_लातूर
नमस्कार मंडळी. लातूरला १२० जागांची अभ्यासिका आहे. डेस्कवर पांढरा सनमायका, प्रत्येकी ९० × ६० सेंमी. खुर्च्या एमएस (लोखंडी) पाइपच्या, दारं सहा, जिन्याला रेलिंग. दोन पाळ्या असल्यामुळे एकाच डेस्कवर दिवसात वेगवेगळी मुलं बसतात. एका नॅनो कोटिंग कंपनीनं "सिल्व्हर + क्वाट" (चांदीचे कण आणि क्वाट नावाचं जंतुनाशक) फवारणीचं कोटेशन दिलंय. २० लिटर द्रव, वर्षाची हमी, सोबत ९९.९% जंतू मरतात असा लॅब रिपोर्ट. पुसायला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं, पुसल्यावर पांढरे डाग राहतात इतके क्षार. रिपोर्टमध्ये नेमकं काय बघू? वर्षभर टिकतं का? आणि एवढा माल खरंच लागतो का?

सूक्ष्मजीव_नांदेड
सगळ्यात आधी रिपोर्टवर चाचणीचा क्रमांक शोधा. कडक, पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठी आयएसओ २२१९६ किंवा जपानची जेआयएस झेड २८०१ हवी. त्याऐवजी बाटलीतल्या द्रवानं जंतू मारून दाखवले असतील, तर ती द्रवाची परीक्षा झाली, वाळलेल्या थराची नाही. असे रिपोर्ट बरेच फिरतात.

२२१९६ मध्ये ५ × ५ सेंमीच्या तुकड्यावर जंतूंचं ०.४ मिली द्रव टाकतात, वर ४ × ४ सेंमीची पातळ फिल्म झाकतात आणि ३५ अंशाला, किमान ९०% आर्द्रतेत २४ तास ठेवतात. मग कोट नसलेल्या तशाच तुकड्याशी तुलना. फरक २ लॉग (शंभरपट) आला तर ९९%, ३ लॉग (हजारपट) आला तर ९९.९%. म्हणजे तो आकडा ओल्या फिल्मखालचा, चोवीस तासांचा. चांदी आयन सोडते ती ओलाव्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कशी कोरडी असते ते सांगायला नको. हाताचा ठसा मिनिटभरात वाळतो, तिथं हा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. कोरड्या वापरासाठी वेगळी चाचणी २०२३ मध्ये आली, आयएसओ ७५८१. तिचा रिपोर्ट आहे का, हे कंपनीला जरूर विचारा.

तुकडा कशाचा होता तेही बघा. काचेवर केलेली चाचणी सनमायकाला लागू होत नाही. आणि जंतू (जिवाणू) मरतात म्हणजे विषाणूही मरतात, असं नाही. विषाणूंसाठी आयएसओ २१७०२ आहे. तसंही बंद खोलीतला सर्दी-खोकला मुख्यतः हवेतून पसरतो, त्याला डेस्कवरचा थर काय करणार? त्या पैशातला काही भाग एक्झॉस्ट फॅनला ठेवा, हे माझं ठाम मत.

कोटिंग_वाळूज
मालाचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मायक्रॉन ओला थर म्हणजे १ मिली. पातळ फवारणीत २० मायक्रॉन ओला थर धरला तर चौरस मीटरला २० मिली. तुमचे डेस्क १२० × ०.५४, म्हणजे सुमारे ६५ चौरस मीटर. झाले १.३ लिटर. फवाऱ्यातलं निम्मं हवेत गेलं असं धरलं तरी २.६ लिटर. रेलिंग, खुर्च्या धरूनही २० लिटरचा हिशेब बसत नाही. द्रवात सक्रिय भाग किती टक्के आणि चौरस मीटरला किती मिली, हे दोन आकडे लेखी मागा. ०.७५% असेल तर वाळलेला थर साधारण ०.१५ मायक्रॉनचा, म्हणजे १५० नॅनोमीटरचा. एवढ्या पातळ थरावर दिवसभर कोपर घासल्यावर वर्षाची हमी कशाच्या जोरावर, हा पुढचा प्रश्न.

"क्वाट" म्हणजे बहुधा सिलेन-क्वाट. त्याचं एक टोक पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना जोडलं जातं. काच आणि टाइलवर घट्ट बसतं, सनमायकाच्या मेलामाइनवर तितकं नाही. हे पाण्यात पातळ केल्यावर पीएच ४ ते ५ च्या आसपास टिकतं. बोअरचं पाणी अल्कलीचं. त्यात मिसळलं की रेणू आपापसातच जुळतात, द्रव गढूळ होतो आणि टेबलावर नुसती पांढुरकी भुकटी उरते. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरायला लावा, आणि त्या दिवशी केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायला सांगा. ड्रम तुमच्यासमोर उघडू द्या. गढूळ दिसला तर परत पाठवा.

पांढऱ्या सनमायकावर चांदीची आणखी एक अडचण आहे. नॅनो कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड शोषतात, म्हणून थर जाड झाला की पिवळसर झाक येते, पुढे उजेडानं करडी होते. एका डेस्कच्या कोपऱ्यावर लावून पंधरा दिवस खिडकीजवळ ठेवा, मगच बाकीचं.

टायटॅनियम डायऑक्साइड सुचवलं तर सरळ नको म्हणा. साध्या प्रकाराला ३८८ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे अतिनील उजेड लागतो, आणि एलईडी ट्यूबमध्ये तो जवळपास नसतो.

खुर्च्यांना फवारणी कशाला? रंग तसाही उडाला असेल तर पावडर कोटिंग करून घ्या. सेव्हन टँक प्रोसेस (आधी सात टाक्यांतून तेल-गंज काढणं), थर ६० ते ८० मायक्रॉन, धातूचं तापमान १८० ते २०० अंशाला दहा मिनिटं. पावडरीत सिल्व्हर अॅडिटिव्ह मिळतं. ते थरातच बसलेलं असल्यानं पुसून जात नाही, मात्र काम करतो तो वरच्या पातळीवरचाच भाग.

आणि सहा दारांना पितळी हँडल लावा. अमेरिकेच्या ईपीएनं (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) २००८ मध्ये तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंदणी केली, दोन तासांत ९९.९% जंतू मरतात या दाव्यासह. मुख्य अट, वर लॅकर (पारदर्शक वार्निश) नको. दुकानात चकचकीत दिसतात ती बहुतेक लॅकरचीच असतात. काळपटपणा आला तर येऊ द्या, त्यानं काम थांबत नाही.

फवारणी_जालना
वरचं सगळं बरोबर, पण कोट सुटतो तो नव्वद टक्के वेळा आधीच्या साफसफाईमुळे. सनमायकावर क्षारांचा पांढरा थर आणि त्यावर डोक्याचं तेल, घाम. थर त्या घाणीला चिकटतो आणि घाणीबरोबर निघतो. आधी सौम्य आम्लाचा क्लीनर (सायट्रिक आम्ल ५%, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम) लावून पाच मिनिटं ठेवा. मग डीएम पाण्यानं दोनदा पुसा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ठिणगी-शेगडी नको. पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. थेंब गोळा होऊन बसले तर तेल राहिलंय, परत पुसा.

भर दुपारी फवारणी करू नका. चाळीस अंशाला थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आत सुकतो आणि खरखरीत धूळ बसते. सकाळी सातच्या आत काम संपवा, त्या वेळी पंखे बंद. नंतर २४ तास कुणी बसायचं नाही, ७२ तास ओलं फडकं नाही.

अभ्यासिका_लातूर
फार उपयोग झाला. दोन गोष्टी अजून सांगा. मावशी रोज कपड्यांच्या पावडरचं पाणी करून पुसतात, आठवड्यातून एकदा ब्लीच. ते चालेल का? आणि कोट राहिलाय की गेला, हे आपल्यालाच कसं कळणार?

कोटिंग_वाळूज
दोन्ही बंद करा. कपड्यांच्या पावडरमधला ऋणभारित साबण धनभारित क्वाटला जुळून त्याला निकामी करतो. ब्लीच क्वाट तोडतं. शिवाय त्यातलं क्लोराइड, आणि खारट बोअरच्या पाण्यातलंही, चांदीच्या आयनाला धरतं. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून काम मंदावतं. नॉन-आयोनिक (भार नसलेला), उदासीन पीएचचा क्लीनर, लिटरभर आरओच्या पाण्यात डब्यावर लिहिलेल्या मात्रेनं, आणि मायक्रोफायबर फडकं. मावशींना कारण समजावून सांगा, नुसतं "हे वापरू नका" म्हटलं की महिन्यात जुनी पावडर परत येते.

तपासायला ब्रोमोफिनॉल ब्लू हा रंग वापरा. फवारणीआधी दोन-तीन डेस्कच्या कडेला ५ सेंमीचा चौकोन सेलोटेपनं झाकून ठेवा, फवारणी वाळली की टेप काढा. तपासताना तो चौकोन आणि शेजारची जागा आधी डीएम पाण्यानं धुवा, म्हणजे फिनेल वगैरेचे अवशेष जातील. मग रंगाचं पातळ द्रावण लावून अर्ध्या मिनिटानं धुवा. क्वाट असेल तिथं निळा राहतो आणि टेपची कड रेघ आखल्यासारखी दिसते. रेघच दिसली नाही तर थर उरलेला नाही. दर महिन्याला कडेची नवी जागा घ्या, चरे पडलेली टाळा, तिथं डाग बसतो. चांदी मात्र यात कळत नाही.

सूक्ष्मजीव_नांदेड
चांदीसाठी लॅबच. त्याच सनमायकाचे ५ × ५ सेंमीचे तुकडे कापून घ्या. एका जंतूच्या चाचणीला कोट केलेले तीन आणि कोट नसलेले सहा लागतात, दोन जंतूंना मिळून अठरा. कोट केलेले तुकडे दुहेरी टेपनं चालू डेस्कवर, हात टेकतो त्या जागी चिकटवा. रोजच्यासारखं पुसू द्या आणि आठ आठवड्यांनी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवा. मान्यता याच चाचणीसाठी आहे ना, हे लॅबच्या स्कोपमध्ये (मान्य चाचण्यांच्या यादीत) बघून घ्या. उरलेलं पेमेंट त्या रिपोर्टनंतर, असं कोटेशनमध्येच लिहून घ्या.