कोजी मुरोफुशीचे मोठेपण कोणत्या फेकीवर मोजावे?

प्रश्न (टिपणकार):
जपानचा हातोडाफेकपटू कोजी मुरोफुशी याच्यावर शाळेतील खेळाडूंसाठी टिपण लिहितो आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो ८२.९१ मीटर फेकीसह दुसरा आला होता आणि हंगेरीचा आद्रियान आनुश ८३.१९ मीटरसह पहिला. पुढे उत्तेजक चाचणीसाठी नमुना न दिल्यामुळे आनुशचे सुवर्ण काढून घेण्यात आले व ते मुरोफुशीला मिळाले. ‘मैदानावर न जिंकलेल्या सुवर्णावर ही सगळी कीर्ती उभी आहे,’ असे माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (वर्तुळाकाठी):
अथेन्स क्षणभर बाजूला ठेवा. जून २००३ मध्ये प्राग येथे त्याने ८४.८६ मीटर फेक केली. युरी सेदिखचा १९८६ पासूनचा जागतिक विक्रम ८६.७४ मीटरचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिची किंमत कळते. शिवाय १९९५ ते २०१४ अशी सलग वीस वर्षे जपानचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्याकडेच होते. सहकाऱ्यांना मात्र २०११ ची देगू येथील जागतिक स्पर्धा दाखवा. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, ८१.२४ मीटरचे अंतर त्याने दोनदा गाठले आणि हंगेरीच्याच क्रिस्तियान पार्शला अवघ्या सहा सेंटीमीटरने मागे टाकले. हे सुवर्ण त्याने मैदानावरच जिंकले.

उत्तर (टिपणकार):
आभारी आहे. पण वडील शिगेनोबू आशियाई खेळांत पाच वेळा विजेते आणि आई रुमानियाची भालाफेकपटू. मग हे रक्तातलेच म्हणायचे का?

उत्तर (जाळीमागून):
रक्ताचे श्रेय थोडे द्या, घरच्या शिकवणीचे जास्त. वडिलांचा ७५.९६ मीटरचा जपानी विक्रम १९८४ चा होता आणि तो मोडायला मुलाला १९९८ उजाडले, तेव्हा वारसा आयता हाती आला असे म्हणता येणार नाही.

शरीराने तो या खेळातला धिप्पाड गडी नव्हता. वजन शंभर किलोच्या आसपास, आणि समोरचे बहुतेक जण त्याहून जड. हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला लावलेला धातूचा गोळा; तो ७.२६ किलोंचा असला, तरी सुटण्याच्या क्षणी तो तीनशे किलोंहून अधिक वजनाइतक्या ताकदीने बाहेर ओढतो. ही ओढ नुसत्या दंडाच्या बळावर पेलत नाही, कंबर खाली ठेवून मागे रेलावे लागते. मुरोफुशीच्या फेकीची चित्रफीत संथ गतीने लावून फक्त पाय पाहा. डावा पाय टाचेवर वळून पुढे बाहेरच्या कडेवर येतो, तोवर उजवा उचलून लगेच जमिनीला लागलेला असतो. दोन्ही पाय जमिनीवर असतानाच गोळ्याला वेग देता येतो, त्यामुळे उजवा पाय जितका लवकर टेकेल तितका फायदा. आणि चार गिरक्यांत हे चार वेळा, २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर न जाता साधायचे असते.

ताकद वयाबरोबर उतरते, ही लय टिकते. म्हणूनच २०१२ मध्ये लंडनला, ३७ व्या वर्षी, तो ७८.७१ मीटर फेकून कांस्यपदक घेऊ शकला.

उत्तर (टिपणकार):
टिपणाची सुरुवात आता देगूपासून करतो. अथेन्सची हकीकत एका परिच्छेदात येईल, आणि मुलांना आधी पायांची चित्रफीत दाखवीन.