‘छान’ हा शेरा बंदच करा

ताई, मुलांना एकमेकांचे संशोधन-निबंध तपासायला दिले की ती ऱ्हस्व-दीर्घाभोवती लाल गोल करतात आणि खाली ‘छान’ लिहून मोकळी होतात, ही तुमची तक्रार अगदी खरी. फोंड्यात बारावीला शिकवताना मीही हेच पाहत आले.

यंदा मी एकच अट घातली: निबंधातलं सगळ्यात ठाम वाक्य शोधायचं आणि ‘हे तुला कशावरून कळलं?’ एवढंच समासात लिहायचं. एकाचा निबंध गोव्याच्या जनमत कौलावर होता, म्हणजे गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर झालेल्या मतदानावर. ‘१९६७ साली गोमंतकीयांनी एकमुखाने घटक राज्य निवडलं’ असं त्यात होतं. तपासणाऱ्या मुलीने वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि ग्रंथालयात जाऊन आकडे काढले. संघप्रदेशाच्या, म्हणजे केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या, बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. मग एकमुखाने कसं? शिवाय प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं, हा होता. घटक राज्य झालं ते थेट ३० मे १९८७ ला. समासात तिने लिहिलं, ‘विलीनीकरणाला मत देणाऱ्यांचं म्हणणं काय होतं, तेही येऊ दे ना.’

मुलगा आधी फुरंगटला. पण दुसऱ्या खर्ड्यात त्या बाजूवर दीड पान आलं, आणि तेच निबंधातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

गुण मात्र मुलांना देऊ देऊ नका. तिथे मैत्री आड येते. मी गुण स्वतः देते, आणि त्यात तपासणाऱ्याच्या प्रश्नांनाही पाच गुण ठेवते.