वचन ट्रम्पचं, खुर्चीत भलताच?

बर्फाळ_ओहायो:
2016 पासून डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर डेमोक्रॅट, त्या वर्षी पहिल्यांदा ट्रम्पना मत दिलं. कारण एकच सांगायचे, "हा मेडिकेअरला हात लावणार नाही म्हणतोय." म्हणता म्हणता पाकिटातून मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, ते लाल-पांढरं-निळं कार्ड काढायचे, कडा पार झिजलेल्या.

मग आरोग्यखातं कुणाला मिळालं? टॉम प्राइस यांना. जॉर्जियाचे खासदार, हाडांचे डॉक्टर. मेडिकेअरमध्ये सरकारने ठरावीक रक्कम द्यावी आणि ज्येष्ठांनी त्यात आपला विमा बघावा, या मताचे. बजेट गेलं मिक मुलव्हेनींकडे, ज्यांचं सगळं राजकारणच खर्चाला कात्री लावण्यावर उभं. प्रचाराच्या शेवटच्या जाहिरातीत गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेचे प्रमुख खलनायकासारखे दाखवले होते, आणि अर्थमंत्री झाले त्याच गोल्डमनमध्ये 17 वर्षं काढलेले मनूचिन!

याला सरळ फसवणूक म्हणायचं, की आणखी काही?

तिरकस_आण्णा:
गरज सरो, वैद्य मरो असं ऐकलं होतं. इथे गरज सरल्यावर वैद्य मंत्री झाला. 😀

फाईलवाला:
आण्णा, 👌.
पण फसवणूक म्हटलं की विषय संपतो आणि खरी गंमत हातची जाते. नव्या राष्ट्राध्यक्षाला जवळपास 4,000 राजकीय जागा भरायच्या असतात, त्यातल्या हजाराहून अधिक सिनेटच्या मंजुरीने. पक्षाबाहेरून आलेल्या माणसाकडे एवढी स्वतःची माणसं असतात कुठे? मग पक्षाची तयार फौज आत येते. ती वीस-वीस वर्षं एकाच कार्यक्रमावर बसलेली असते, सभेत नेता काय बोलला याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

उलट बाजूही बघा. व्यापाराच्या जागी रॉबर्ट लाइटहायझर बसले. रेगनच्या काळापासून आयातीविरुद्ध लढणारे, म्हणजे तेही विचारांचे पक्केच. पण त्यांचा विचार आणि सभेतलं वचन एकाच दिशेचं होतं. मार्च 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के कर लागला, कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा हा व्यापार करार नव्याने झाला. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचं तर विचारूच नका. मे 2016 मध्येच 11 नावांची यादी छापून दिली होती, सप्टेंबरात ती वाढवली. पुढे नेमलेले नील गोर्सच हे त्या वाढीव यादीतले. ज्या वचनामागे आधीपासून नाव होतं ते पाळलं गेलं. मेडिकेअर आणि मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) यांच्या वचनामागे नुसता आवाज होता.

कोपऱ्यातली_खुर्ची:
थोडी दुरुस्ती. मेडिकेअर तशी बरीच वाचली, कुऱ्हाड मेडिकेडवर होती, आणि तिलाही हात लावणार नाही असंच म्हटलं होतं. 4 मे 2017 ला ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढणारं, मेडिकेडला कात्री लावणारं विधेयक प्रतिनिधीगृहात 217 विरुद्ध 213 ने मंजूर झालं. 2026 पर्यंत 2.3 कोटी जास्त लोक विम्याबाहेर राहतील, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. पुढे 28 जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये सगळं 49-51 असं पडलं. ट्रम्पच्याच पक्षाचे सिनेटर मॅक्केन यांचा तो खाली वळलेला अंगठा आठवतोय ना?
आणि प्राइस स्वतः सप्टेंबरात पद सोडून गेले, खाजगी विमानांच्या खर्चापायी. काटकसरवाले!

बर्फाळ_ओहायो:
मेडिकेडचं बरं काढलंत. आजी तेव्हा नर्सिंग होममध्ये होत्या. आजोबांना वाटायचं बिल मेडिकेअर भरतंय. भरत होतं मेडिकेड, कारण तिथला दीर्घ मुक्काम मेडिकेअरमध्ये बसतच नाही. तिथल्या टेबलावरच्या बाईंनी कागदावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कळलं.
त्या संध्याकाळी मला बोलावून घेतलं. ट्रम्पवर एक शब्द नाही. "बजेटवर बसलेल्या त्या माणसाचं नाव काय?" विचारलं, दोनदा म्हणायला लावलं आणि औषधांच्या वहीत मागच्या पानावर एकेक अक्षर करत लिहून घेतलं.