टेसच्या दोन सेक्टरमध्ये एकाच जोडताऱ्याच्या ग्रहणाची खोली वेगळी का येते?

गोदाकाठ_नांदेड

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या डेटातला एक ग्रहणकारी जोडतारा (एकमेकांना झाकणारे दोन तारे) घेतलाय, प्रत (तेजाचं माप) साधारण ११. (टीआयसी, म्हणजे टेसच्या यादीतला ताऱ्याचा क्रमांक बाहेर देऊ नका असं मॅडमनी सांगितलंय, माफ करा.)

जुना सेक्टर (आकाशाच्या एका पट्ट्याचं सलग निरीक्षण) मूळ मोहिमेतला, ३० मिनिटांच्या पूर्ण चौकटींचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या अख्ख्या चित्रांचा. टेसकटवरून (चौकटींतला हवा तो तुकडा कापून देणारी ऑनलाइन सेवा) १५ × १५ पिक्सेलचा तुकडा उतरवला आणि अ‍ॅपर्चर (ज्यांचा प्रकाश बेरजेत घ्यायचा ते पिक्सेल) स्वतः आखलं. ग्रहणाची खोली २४ टक्के आली. दुसरा सेक्टर दोन वर्षांनंतरचा, २ मिनिटांचा, पीडीसीसॅप फ्लक्स (टेसच्या टीमनं दुरुस्त करून दिलेला प्रकाश). त्यात खोली ३० टक्के. तारा तोच, मग सहा टक्के गेले कुठं?

आणखी तीन गोष्टींचं कोडं सुटेनासं झालंय. लोम्ब-स्कार्गल (आवर्तकाल शोधायची गणिती पद्धत) आवर्तकाल ०.७ दिवस दाखवतं, पण त्यावर घडी घातली (सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या) की एकाआड एक ग्रहण उथळ दिसतं. २ मिनिटांच्या डेटात ग्रहणं वगळल्यावर दिवसाला ३४.६ आवर्तनांचं शिखर मिळतं, जुन्यात मात्र ते १३.४ वर आहे. आणि २ मिनिटांचा डेटा लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजमधून फ्लॅटन केला (संथ कल काढून टाकला) तर ग्रहण जवळजवळ पुसलंच जातं. होस्टेलचं नेट बेताचं आहे, त्यामुळं पूर्ण चौकटी उतरवायला सांगू नका!

परभणी_रूपविकारी

पूर्ण चौकटींची गरजच नाही. एक चौकट ३५ एमबीच्या आसपास असते, एका सीसीडीच्या एका सेक्टरच्या सगळ्या घेतल्या तर ४० जीबीच्या पुढे जातं. टेसकट पुरेसं आहे.

खोलीबद्दल. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा. तुमचं अ‍ॅपर्चर दहा-बारा पिक्सेलचं असेल तर त्यात शेजाऱ्यांचा प्रकाश येणारच. पीडीसीसॅपमध्ये हा परका प्रकाश आधीच वजा केलेला असतो, त्यासाठी हेडरमधला क्राउडसॅप वापरतात. अ‍ॅपर्चरमध्ये पडलेल्या एकूण प्रकाशात तुमच्या ताऱ्याचा वाटा किती, ते तो आकडा सांगतो. तुम्ही स्वतः काढलेल्या फ्लक्सवर ही दुरुस्ती झालेलीच नाही. म्हणजे तुलना दोन वेगळ्या गोष्टींची चाललीय.

आधी एवढं बघा:
– गाया डीआर३ या ताऱ्यांच्या यादीमध्ये ताऱ्याभोवती एक कलेच्या आत कोण कोण आहे? प्रत रुंद जी पट्ट्यातली नको, तांबड्या आरपी पट्ट्यातली घ्या. टेसचा पट्टा ६०० ते १००० नॅनोमीटरचा, त्याला आरपी जास्त जवळचा.
– २ मिनिटांच्या फाइलमध्ये क्राउडसॅप किती आहे?
– टेसकटच्या तुकड्यातून पार्श्वप्रकाश वजा केला का? २ मिनिटांच्या टार्गेट पिक्सेल फाइलमध्ये तो वजा होऊन येतो, टेसकटमध्ये येत नाही. अंधाऱ्या पिक्सेलांची मध्यिका काढायची, तिला अ‍ॅपर्चरमधल्या पिक्सेलांच्या संख्येनं गुणायचं आणि मग वजा करायचं. गुणायचंच राहून जातं, असं बरेचदा दिसतं. आणि हे प्रत्येक चौकटीसाठी वेगळं करायचं, कारण पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला उजेड कक्षेबरोबर बदलत राहतो.

गोदाकाठ_नांदेड

बघितलं. ३५ आर्कसेकंदांवर एक शेजारी आहे, आरपीमध्ये १.५ प्रतीनं मंद. बाकीचे सगळे त्याच्यापेक्षा बरेच मंद. क्राउडसॅप ०.८०. माझं अ‍ॅपर्चर १२ पिक्सेलचं, शेजारी त्यात पूर्ण येतोय. पार्श्वप्रकाश १२ नं गुणूनच वजा केला होता.

परभणी_रूपविकारी

मग हिशेब लागला. १.५ प्रत मंद म्हणजे प्रकाश १०^(−०.६), म्हणजे ०.२५ पट. एकूण १.२५, त्यात तुमच्या ताऱ्याचा वाटा १ ÷ १.२५ = ०.८०. मोजलेली खोली २४ टक्के, ती ०.८० नं भागली की ३०. कुठंही काही गेलेलं नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. ग्रहण शेजाऱ्यात होत असेल का, असा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात. शेजाऱ्याचा वाटा एकूण प्रकाशाच्या २० टक्के. तो अख्खा विझला तरी घट २० टक्क्यांवर जाणार नाही, तुम्हाला दिसते २४. म्हणजे ग्रहण तुमच्याच ताऱ्यात. फक्त पार्श्वप्रकाश गरजेपेक्षा जास्त वजा झाला असेल तर खोली फुगते आणि हा युक्तिवाद कोसळतो, म्हणून ती पायरी पुन्हा एकदा तपासा.

दोन सेक्टर जोडताना नेहमी हे ध्यानात ठेवा: कॅमेरा फिरलेला असतो, तारा वेगळ्या पिक्सेलांवर पडतो, शेजाऱ्याचा आत येणारा हिस्सा बदलतो. ०.८० हा आकडा सगळ्या सेक्टरांना सरसकट लावू नका.

लातूरचं_आभाळ

आवर्तकाल १.४ दिवसच आहे. लोम्ब-स्कार्गल साइन लाटा बसवतं. मुख्य आणि दुय्यम ग्रहण मिळून एका फेरीत दोन खड्डे पडतात, त्यामुळं ते अर्ध्या आवर्तकालावर खूश होतं. एकाआड एक ग्रहण उथळ दिसलं, तिथंच उत्तर होतं.

फ्लॅटनचं कारण साधं आहे. लाइटकर्व्हमध्ये खिडकी मुळात १०१ बिंदूंची ठेवलेली असते. ३० मिनिटांच्या डेटात ती दोन दिवसांहून लांब होते, पण २ मिनिटांच्या डेटात जेमतेम ३ तास २२ मिनिटं. तुमचं ग्रहण चार-पाच तासांचं असेल तर गाळणी त्यालाच कल समजून गिळते. ग्रहणांवर मास्क लावा, खिडकी दोन दिवसांची, म्हणजे १४४१ बिंदूंची घ्या (विषम संख्याच लागते). जवळच्या जोडताऱ्यात ग्रहणांच्या मधला उतार-चढावही खरा असतो, त्याचं प्रतिमान बसवायचं असेल तर फ्लॅटन करूच नका.

आता ३४.६ आणि १३.४. ही दोन शिखरं नाहीत, एकच आहे. ३० मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला ४८, नायक्विस्ट मर्यादा (नोंदींतून नीट ओळखता येणारी सर्वांत मोठी वारंवारता) त्याच्या निम्मी, २४. तिच्यावरची वारंवारता दुमडून खाली येते: ४८ − ३४.६ = १३.४. उंचीही कमी होते, कारण अर्ध्या तासाच्या एका नोंदीत ४१.६ मिनिटांच्या स्पंदनाचा बराचसा भाग सरासरीत विरतो. उरणारा हिस्सा साइन(πx) ÷ πx, इथं x = ३४.६ ÷ ४८ = ०.७२, उत्तर ०.३४. २ मिनिटांच्या डेटात आयाम (स्पंदनाची उंची) हजारात ३ असेल तर जुन्यात १ च्या आसपास दिसेल, त्यावर ०.८० ची पातळता, म्हणजे ०.८. तुमच्याकडं किती येतो?

आरझेड कॅसिओपी या अल्गोल जातीच्या जोडताऱ्यात हेच होतं. त्याचं मुख्य स्पंदन दिवसाला ६४.२ आवर्तनांचं, ३० मिनिटांच्या नोंदीत ते १६.२ वर जाऊन बसेल. नंतरच्या मोहिमांमध्ये पूर्ण चौकटी १० मिनिटांच्या आणि मग २०० सेकंदांच्या झाल्या. तिथं मर्यादा ७२ आणि २१६, म्हणून डेल्टा स्कुटीच्या (जलद स्पंदणाऱ्या ताऱ्यांचा एक प्रकार) कामाला त्या बऱ्या.

३४.६ × १.४ = ४८.४४. पूर्णांक नाही, म्हणजे कक्षेचा गुणकही नाही. हे प्रबंधात जरूर लिहा.

गोदाकाठ_नांदेड

आयाम ३.० आणि ०.८ च येतायत! मग स्पंदन माझ्याच ताऱ्याचं हे पक्कं ना?

परभणी_रूपविकारी

नाही, इथं घाई नको. स्पंदन शेजाऱ्यात असतं तरी हेच गुणोत्तर आलं असतं. पीडीसीसॅप शेजाऱ्याचा प्रकाश स्थिर धरून वजा करतं, त्याची थरथर फ्लक्समध्ये तशीच राहते. भागाकार एकदा ०.८० नं, एकदा १ नं, एवढाच फरक. ग्रहणाला लावलेला २० टक्क्यांचा युक्तिवादही इथं चालत नाही, हजारात तीन एवढा बदल शेजारी सहज करू शकतो.

२ मिनिटांची टार्गेट पिक्सेल फाइल घ्या, ४०-५० एमबीची असते. एकेका पिक्सेलचा वेगळा प्रकाशवक्र काढा, प्रत्येकाचा पिरियडोग्राम (कोणती वारंवारता किती जोरात आहे त्याचा आलेख), आणि ३४.६ चा आयाम टक्केवारीत नाही तर इलेक्ट्रॉन प्रति सेकंदात मोजून नकाशावर मांडा. जिथं तो सर्वात मोठा, तिथं स्पंदक. ३५ आर्कसेकंद म्हणजे दीड पिक्सेलहून थोडं जास्त, फरक दिसायला हवा.

संभाजीनगर_८इंच

ग्रहणाची दुर्बिणीतून खातरजमा करायची असेल तर शहरातूनही जमेल. ३५ आर्कसेकंद अंतर आठ इंची दुर्बिणीला काहीच नाही, ३० टक्के खोली म्हणजे ०.३९ प्रत. फोकस मुद्दाम बिघडवू नका, शेजारी मिसळेल. व्ही फिल्टर लावलात तर खोली ३० टक्केच येईल असं धरू नका, दोन ताऱ्यांचं तापमान वेगळं असेल तर पट्ट्याप्रमाणं ती बदलते. पावसाळा सोडा, दसऱ्यानंतर बघा.

वेळेत चूक नको. टेसची वेळ अधिक २४५७००० म्हणजे सूर्यमालेच्या गुरुत्वकेंद्राशी नेलेली ज्युलियन तारीख, टीडीबी या खगोलीय कालमापनात. ती यूटीसीच्या ६९.१८४ सेकंद पुढं असते. शिवाय पृथ्वी कक्षेत कुठं आहे त्यानुसार सव्वाआठ मिनिटांपर्यंत मागंपुढं होतं, ते अ‍ॅस्ट्रोपायनं (पायथनचं पॅकेज) काढा. ज्युलियन दिवस आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणून अख्खी रात्र एकाच आकड्यात मावते: .२५ म्हणजे रात्रीचे साडेअकरा.

दोन सेक्टरमध्ये ५२० च्या आसपास फेऱ्या झाल्या असतील. एका सेक्टरमधल्या पहिल्या आणि शेवटच्या ग्रहणाची वेळ मिनिटभराच्या अचूकतेनं मिळाली तर आवर्तकालात साडेचार सेकंदांची चूक राहते. ५२० फेऱ्यांत ती ३९ मिनिटांवर जाते. आवर्तकाल साडेतेहतीस तासांचा असल्यानं फेऱ्या मोजण्यात घोळ होणार नाही, बिनधास्त जोडा. आवर्तकाल १.४ च्या अगदी जवळ असेल तर दर सातव्या दिवशी ग्रहण जवळपास त्याच वेळेला येईल. एक रात्र ढगात गेली तर पुढच्या आठवड्यातला तोच वार राखून ठेवा.