बातमीतली 'खोली' कोणती?

प्रश्न: तलावाची पातळी म्हणजेच खोली, असं बातमीत लिहिलं तर चालेल का?

उत्तर १: अजिबात नको. मुंबईचा तुळशी तलाव १३९.१७ मीटरला भरून वाहतो. ती ठरावीक शून्यापासूनची उंची आहे, तळापासूनची खोली नव्हे. '१३९ मीटर खोल' छापलंत की बातमी चुकली.

उत्तर २: पावसाचे मिलिमीटर मात्र खोलीच. १ मिमी म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर. सांताक्रूझचे २६ जुलै २००५ चे ९४४ मिमी म्हणजे रस्त्यावर तेवढंच पाणी साचलं असं नव्हे. दादरच्या हिंदमातासारख्या सखल भागात आजूबाजूचंही पाणी उतरतं.

उत्तर ३: भूकंपात खोली म्हणजे केंद्र जमिनीखाली किती आहे ते; ७० किमीपर्यंत असेल तर भूकंप उथळ. आणि कृपा करून 'सखोल चौकशी' टाळा. चौकशी कोण करणार, मुदत किती, ते लिहा.