समोरच्या टीमनं मॅचच सोडली तर हार्बिन पॉइंट्सचं काय होतं?

कोलंबसकर_आई
नमस्कार मंडळी, ओहायोमधल्या हायस्कूल फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉल हो) गणित कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा, मी काल रात्रीपासून डोकं धरून बसलेय. मुलगा सीनियर, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, टीममध्ये किकर. शुक्रवारी दहाव्या आठवड्याची शेवटची मॅच, तीही घरच्या ग्राउंडवर, म्हणजे सीनियर नाइट, आईबाबांनी मुलाचा हात धरून मैदानात चालत जायचं वगैरे. आणि काल पावणेपाचला कोचचा मेसेज, समोरच्या शाळेनं मॅच फॉरफिट केली. त्यांची बरीच पोरं जखमी आहेत, पुढच्या फळीत उभे राहणारे लाइनमनच उरले नाहीत म्हणे, आणि या सीझनला त्यांनी एकही मॅच जिंकलेली नाही. मी फुलं आणून बादलीत ठेवली होती, ती तशीच आहेत.
असो, माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या आत्तापर्यंत ६ जिंकलेल्या ३ हरलेल्या, मंगळवारच्या लिस्टमध्ये रीजनमध्ये (आमच्या विभागात) ११वे होतो आणि २०२५ पासून रीजनमधून १६ ऐवजी १२च टीम्स प्लेऑफला घेतात. बँडमधल्या एका मुलाचे बाबा म्हणाले की वॉकओव्हर मिळाला की उलट कॉम्प्युटर पॉइंट्स, म्हणजे प्लेऑफसाठी नंबर ठरवणारे हार्बिन पॉइंट्स, कमी होतात. असं कसं होईल? जिंकलो तर जिंकलो ना?

आकडेमोड्या
ताई, आधी सिस्टीम समजून घ्या मग बाकीचं आपोआप कळेल. ही जॅक हार्बिन यांची पद्धत, १९७२ साली ओहायोत प्लेऑफ सुरू झाले तेव्हापासूनची. यात किती पॉइंट्सनी जिंकलात याला काडीची किंमत नाही, ७-६ काय आणि ५६-० काय, सारखंच. दोन थर असतात. पहिल्या थरात तुम्ही ज्याला हरवलं त्याच्या डिव्हिजनप्रमाणे ठरलेले पॉइंट्स मिळतात, मोठी शाळा तर जास्त, छोटी तर कमी. दुसऱ्या थरात तुम्ही ज्याला हरवलं त्यानं सीझनभरात ज्यांना ज्यांना हरवलं त्यांचे पॉइंट्स तुमच्या खात्यात येतात. हरलात तर त्या मॅचमधून दोन्ही थरांत भोपळा. मग पहिल्या थराची बेरीज भागिले तुमच्या मॅचेस, आणि दुसऱ्या थराची बेरीज भागिले तुमच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून खेळलेल्या मॅचेस, याला गुणिले १०, आणि दोन्हीची बेरीज. संपलं.
आता फॉरफिट. नोंद फॉरफिट अशी झाली तर तुमचा विजय, त्यांचा पराभव, आणि फॉर्म्युल्याला मैदानावर कुणी उतरलं का नाही हे कळतच नाही. म्हणजे खेळून जिंकला असतात तर जे मिळालं असतं तेच मिळणार, एक पै कमी नाही. बँडवाल्या काकांना चहा पाजा आणि सोडून द्या.

टचडाउन_तात्या
@आकडेमोड्या थांबा थांबा, काका अगदीच चुकीचे नाहीत. तुम्ही तुलना खेळून जिंकण्याशी करताय, ते बहुतेक मॅच लिस्टमधून गेलीच असती तर याच्याशी करतायत. फॉरफिट आणि नो कॉन्टेस्ट (मॅच झालीच नाही असं धरणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी गंमत तिथेच आहे.
ताईंचंच उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे धरतो, खरे नाहीत. ६ विजय प्रत्येकी ५ पॉइंट्सचे म्हणजे ३०. नो कॉन्टेस्ट झालं तर ३० भागिले ९, ३.३३. दुसऱ्या थरात १२६ जमलेत आणि नऊ प्रतिस्पर्ध्यांच्या मिळून ९० मॅचेस, म्हणजे १.४, गुणिले १० झाले १४. एकूण १७.३३.
आता फॉरफिटचा विजय धरा. समोरची शाळा छोटी, ४ पॉइंट्सची. ३४ भागिले १० म्हणजे ३.४, इथे थोडं वाढलं. पण त्यांनी कुणालाच हरवलेलं नाही, म्हणजे दुसऱ्या थरात त्यांच्याकडून शून्य आलं आणि त्यांच्या १० मॅचेस मात्र खालच्या आकड्यात येऊन बसल्या. १२६ भागिले १००, गुणिले १०, १२.६. एकूण १६. विजय मिळाला आणि सव्वा पॉइंटच्या वर गेला! आणि बाराव्या-तेराव्या नंबरात फरक कधीकधी दशांशाचा असतो.
पण हे वॉकओव्हरमुळे नाही हो, शेड्यूलवर बिनविजयी टीम आहे म्हणून. खेळून ४०-० नं जिंकला असतात तरी १६च.

कोलंबसकर_आई
बाप रे. म्हणजे देवाला काय मागायचं, फॉरफिट का नो कॉन्टेस्ट?? आणि ते ठरवतं कोण, आम्ही तर नाही ना?

टचडाउन_तात्या
तुम्ही नाही, कोचही नाही, स्टेट असोसिएशनच्या नियमाप्रमाणे ठरतं. तुमच्या हातात एकच, अॅथलेटिक डायरेक्टरनं शुक्रवारपर्यंत दुसरी रिकामी टीम शोधणं. आठवड्याच्या मधे असं झालं की शाळा सोशल मीडियावर जाहिरातच टाकतात, आमची शुक्रवारची मॅच गेली, कुणी खेळणार का. पण त्यात जुगार आहे, चांगली टीम मिळाली आणि हरलात तर वर काही नाही आणि खाली मॅचेस वाढलेल्या.

झेंडू_फुलं
आमच्याकडे जिल्ह्याच्या कबड्डीत याला पुढे चाल म्हणायचे, पोरं टाळ्या वाजवत घरी जायची. इथे पुढे चाल मिळाली तर कॅल्क्युलेटर काढावा लागतो 😄

जुना_लाइनमन
इथे सगळे आधीच सोडलेल्या मॅचबद्दल बोलताय पण खरा गोंधळ मागाहून होणाऱ्या फॉरफिटचा असतो. सीझनच्या मध्यावर उघडकीस येतं की एखाद्या शाळेनं अपात्र पोरगा खेळवला, ट्रान्सफरचे कागद नीट नाहीत किंवा मार्क कमी, आणि तो ज्या ज्या मॅचमध्ये उतरला ते विजय काढून घेतात. आमच्या रीजनमध्ये काही वर्षांपूर्वी झालं, शाळेचं नाव घेत नाही. त्यांचे ६ विजय गेले. त्यांच्याशी हरलेल्या सहा टीम्सना अचानक विजय मिळाला, त्या सहांना ज्यांनी हरवलं होतं त्यांचा दुसरा थर फुगला, आणि आम्ही? आम्ही त्या शाळेला मैदानावर घाम गाळून हरवलं होतं, ओव्हरटाइममध्ये, आणि आमच्या दुसऱ्या थरातले त्या ६ विजयांचे पॉइंट्स गायब. तात्यांचेच आकडे धरा, ६ गुणिले ५ म्हणजे ३०, भागिले १००, गुणिले १०, पूर्ण ३ पॉइंट्स. चोरी त्यांनी केली, दंड आम्ही भरला. त्यांच्याशी हरलेली टीम आमच्या वर गेली, म्हणजे त्यांच्याशी हरणं हे जिंकण्यापेक्षा फायद्याचं ठरलं! हे गणित बरोबर आहे हे मला मान्य आहे, न्याय आहे हे मान्य नाही, आणि त्या सीझनचं नाव काढलं की अजून जेवण जात नाही.
बरं, हार्बिनमध्ये निदान मार्जिन, म्हणजे किती फरकानं जिंकलात ते, धरत नाहीत. ज्या रँकिंगमध्ये मार्जिन धरतात तिथे आणखी पंचाईत, कारण हायस्कूलच्या नियमात फॉरफिटचा स्कोअर १-० लिहितात, समोरचा पुढे असताना मधेच सोडली तर तेव्हाचाच स्कोअर राहतो. मॉडेलला १-० दिसलं तर त्याला वाटणार केवढी अटीतटीची मॅच झाली, आणि ४० नं जिंकणं अपेक्षित असलेली टीम खाली घसरणार. म्हणून अशा मॉडेलमध्ये त्या मॅचेस बाजूलाच ठेवलेल्या बऱ्या.

आकडेमोड्या
@टचडाउन_तात्या मान्य, खालचा आकडा मी विसरलो. काकांचा चहा पक्का.
@जुना_लाइनमन क्रिकेटवाल्यांनी हे जरा बरं सोडवलंय. आयसीसीच्या नियमात मॅच सोडणाऱ्याच्या नेट रनरेटमध्ये पूर्ण ५० ओव्हर्स धरतात आणि रन शून्य, समोरच्याच्या रनरेटला हातच लावत नाहीत. सोडली त्यानं, भोगेल तो. अर्थात गुणांचं तिथेही तेच, २००३ च्या वर्ल्ड कपला न्यूझीलंड नैरोबीला गेलंच नाही आणि केनियाला न खेळता मिळालेले गुण सुपर सिक्समध्येही सोबत गेले, केनिया थेट सेमीफायनलला.

झेंडू_फुलं
आणि ९६ ला श्रीलंका, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज दोघंही कोलंबोला आले नाहीत. पुढे काय झालं ते ईडनवर आपण बघितलंच 😭

कोलंबसकर_आई
अपडेट देते. दुसरी टीम मिळाली नाही, दोन शाळांशी बोलणी झाली पण एकीचा प्रवास तीन तासांचा होता आणि दुसरीनं गुरुवारी सकाळी नाही म्हटलं. नोंद फॉरफिट अशीच झाली. शुक्रवारी कोचनी लाइट लावून सीनियर नाइट तरी केली, समोरची बाजू रिकामी, बँडनं पूर्ण शो वाजवला, आणि लेकानं नुसत्याच पस्तीस यार्डांवरून तीन किक मारल्या, एक पोलला लागली. फुलं जरा मान टाकलेली होती पण चालली.
फायनल लिस्टमध्ये आम्ही १२वे. १३व्यांपेक्षा दशांशानंच वर, आणि ते कशामुळे, तर दुसऱ्या आठवड्यात आम्ही हरवलेल्या टीमनं शेवटची मॅच जिंकली म्हणून. त्या शाळेचं गाव नकाशावर कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं, शुक्रवारी रात्री अकराला त्यांचा स्कोअर रिफ्रेश करत बसले होते. आता पहिली मॅच पाचव्या नंबरवाल्यांच्या घरी, थंडी म्हणे मरणाची असणार, कुणाकडे स्टेडियमच्या बाकड्यावर टाकायची जाड गादी असेल तर सांगा.